अप्पांना न सापडलेला फॉल्ट

बायकोच्या नेलपॉलिशची बाटली खिशात घालून चिरंजीवांनी वडिलांची गाडी बंद पाडली, ही गोष्ट त्यांना आजही कुणाला धड सांगता येत नाही. सांगायला गेलं की ऐकणारा नेलपॉलिशपाशीच हसायला लागतो आणि पुढचं राहून जातं. पन्नाशी ओलांडलेल्या, कचेरीत चार माणसं हाताखाली असलेल्या गृहस्थांना चिरंजीव म्हणणं बरं दिसत नाही, हे कबूल. पण अप्पांचा मुलगा एवढीच त्यांची या गोष्टीतली ओळख आहे, आणि तीसुद्धा त्यांना नीट निभावता आली नाही. तेव्हा दुसरं नाव शोधत बसण्यात अर्थ नाही.

अप्पांची गाडी जुनी आणि ऑटोमॅटिक होती. डाव्या पायाला काम नाही, गिअर बदलायची कटकट नाही, दांडा सरकवला की गाडी निघाली. ऐंशी पार केलेल्या अप्पांना ती फार सोयीची होती आणि बाकीच्या जगाला तितकीच गैरसोयीची. एका सकाळी पार्किंगमध्ये अप्पांचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडे पडला आणि गाडी खांबावर जाऊन आदळली. खांबाचं प्लॅस्टर गेलं, गाडीचा दिवा गेला. खांब जरा पुढे बांधलाय, असं अप्पांचं मत पडलं. त्या खांबामागे नेहमी पोरं चेंडू खेळतात आणि त्या दिवशी शाळा होती म्हणून ती तिथे नव्हती, हे चिरंजीवांना रात्रभर आठवत राहिलं.

चिरंजीवांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, परगावाहून फोनवर निकाल देऊन टाकला की अप्पांची किल्ली काढून घे. परगावी राहणाऱ्यांना असे निकाल पटकन सुचतात. काढून घे म्हणजे कशी, हे तिला विचारल्यावर ती म्हणाली, तू घरात आहेस, तूच बघ. सूनबाईंचं, म्हणजे चिरंजीवांच्या बायकोचं, म्हणणं त्याहून साधं होतं. अप्पांसमोर बसा आणि सांगा, आम्हाला भीती वाटते. चिरंजीव म्हणाले, योग्य वेळ आली की सांगतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर योग्य वेळ याचा अर्थ सूनबाईंना माहीत होता.

चिरंजीवांची सगळी भिस्त सरकारवर होती. अप्पांचा गाडी चालवण्याचा परवाना संपत आला होता. आता डॉक्टर तपासतील, नाही म्हणतील, आणि वाईटपणा परस्पर सरकारच्या गळ्यात जाईल असा हिशेब होता. म्हणून ते कचेरीतून रजा काढून, चेहऱ्यावर पुरेशी सहानुभूती आणून, अप्पांना घेऊन परवाना कार्यालयात गेले. एका खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीनंतर पहिलीकडेच पाठवलं. शेवटी डॉक्टरांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. अप्पांनी तो खालपर्यंत वाचला आणि अगदी तळाशी छापखान्याचं बारीक नाव होतं तेही न विचारता वाचून दाखवलं. डॉक्टरांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. नंतर सोबत आलेले कोण म्हणून चिरंजीवांनाही तक्ता वाचायला लावला आणि चष्म्याचा नंबर वाढलाय, गाडी जपून चालवा, असा सल्ला दिला. येताना गाडी अप्पांनीच चालवली.

मग चिरंजीवांनी ती युक्ती काढली. गाडी सुरूच झाली नाही तर अप्पा चार दिवस खटपट करतील, कंटाळतील, आपण होऊन विका म्हणतील. कुणी कुणाला दुखवायला नको. मोबाइलवर शोधाशोध करून त्यांनी एवढं ज्ञान मिळवलं की फ्यूजच्या एका पायाला पारदर्शक नेलपॉलिश लावलं तर फ्यूज दिसतो धडधाकट, पण करंट पुढे जात नाही. अप्पांची अंघोळ म्हणजे लांबलचक कार्यक्रम. तेवढ्या वेळात चिरंजीव खाली गेले, स्टार्टरचा फ्यूज काढला, जन्मात पहिल्यांदा नेलपॉलिश लावलं, फुंकर घालून वाळवलं आणि वर येऊन वर्तमानपत्र उघडून बसले. वर्तमानपत्र उलटं धरलं होतं असं सूनबाई सांगतात. चिरंजीव ते मान्य करत नाहीत.

या सगळ्या बेतात चिरंजीव एकच गोष्ट विसरले. अप्पांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली होती आणि तिथे त्यांचं काम फॉल्ट शोधण्याचं होतं. खांबावर चढून, रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरून, तुटलेली तार नेमकी कुठे तुटली आहे ते हुडकणं, हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. न सापडलेला फॉल्ट म्हणून त्यांच्या नावावर एकही नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत, त्यांचे जुने सहकारी सांगत. बापाने जन्मभर काय केलं हे मुलाने विसरावं, याचा चिरंजीवांना नंतर फार पश्चात्ताप झाला. त्या सकाळी मात्र ते अप्पांचा उतरलेला चेहरा बघायच्या तयारीने बसले होते.

अप्पा वर आले ते गालातल्या गालात हसत. किल्ली फिरवली, दिवे लखलखीत लागतात, हॉर्न वाजतो, पण स्टार्टर टक असा आवाजसुद्धा करत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे बॅटरी ठीक आहे आणि करंट मध्येच कुठेतरी अडतोय. घरी आवडता पाहुणा आल्यासारखी त्यांनी ही बातमी सांगितली. मग माळ्यावरून आपली जुनी हत्यारांची पिशवी काढवली, एका बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प बनवला आणि चहा न घेता खाली गेले.

चिरंजीवांची आई गेल्यापासून अप्पांचं बोलणं हो, नको आणि ठेव तिथे एवढ्यावर आलं होतं. जेवताना भांड्यांचा तेवढा आवाज व्हायचा. त्या दिवशी अप्पा जेवायला बसले आणि बोलतच राहिले. बॅटरीपासून करंट निघतो तो फ्यूजमधून किल्लीकडे जातो. किल्लीकडून गिअरच्या स्विचकडे, कारण ऑटोमॅटिक गाडीत दांडा पार्किंगला किंवा न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टरला परवानगीच नाही. तिथून रिले नावाच्या छोट्या डबीकडे, आणि रिलेकडून एका बारीक वायरीने स्टार्टरकडे. ताटावर मीठ, लिंबाची फोड आणि दोन चमचे मांडून त्यांनी चिरंजीवांना हे समजावलं. घाई करायची नाही, एका टोकाकडून निघायचं, उद्या फ्यूज बघतो, असं म्हणून त्यांनी आणखी वाढून घेतलं. सूनबाईंनी चिरंजीवांकडे बघितलं. त्या बघण्यात आनंद होता, कारण त्यांना बाटलीचं अजून काहीच माहीत नव्हतं.

चिरंजीवांनी मात्र उद्याचा विचार केला. उद्या फ्यूज बघणार म्हणजे उद्या पितळ उघडं पडणार. त्यावर उपाय अप्पांनीच ताटात मांडून दाखवला होता. सकाळी अंघोळीचं पाणी सुरू झाल्याबरोबर चिरंजीवांनी फ्यूज पुसून लख्ख केला आणि नेलपॉलिशचा हात पुढच्या मुक्कामावर, गिअरच्या स्विचच्या प्लगवर फिरवला. त्यासाठी दांड्याभोवतालचं झाकण काढावं लागलं. त्यात बोटांची सालं निघाली, कंबर धरली आणि एक स्क्रू झाकणाच्या आत असा गडप झाला की तो पुढे कायम खुळखुळत राहिला. डोकं सीटखाली आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत त्यांना पहिल्या मजल्यावरच्या सर्वज्ञांनी पाहिलं. काय करताय, या प्रश्नाला चिरंजीवांनी चष्मा शोधतोय असं उत्तर दिलं. चष्मा त्यांच्या नाकावर होता आणि सर्वज्ञांनी तो त्यांना दाखवून दिला.

सर्वज्ञ हे इमारतीने दिलेलं नाव. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, आयुष्यभर सायकल वापरली होती आणि गाड्यांबद्दल त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर तयार असे. अप्पांनी पार्किंगच्या फरशीवर खडूने करंटचा सगळा रस्ता काढला होता आणि तपासून झालेल्या भागावर बरोबरची खूण करत ते हळूहळू पुढे सरकत होते. सर्वज्ञ त्या नकाशावर चपलांसकट उभे राहून सांगायचे की बॅटरी बदला. बॅटरी ठीक आहे म्हटल्यावर पेट्रोलमध्ये पाणी असेल. तेही नाही म्हटल्यावर स्टार्टरला लाकडाने ठोका. मग संध्याकाळी जो फिरायला उतरेल तो एक दांडका घेऊन स्टार्टरवर दोन ठोके देऊ लागला. इमारतीत एवढी एकी पूर्वी कशासाठीच झाली नव्हती. अप्पा शांतपणे बाजूला उभे राहत आणि सगळ्यांचे ठोके झाले की पुन्हा खाली बसत.

शेवटी सर्वज्ञांनी गाडी ढकलायचं ठरवलं. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, इंजिन आणि चाकं यांची तशी गाठच नसते, हे अप्पांनी दोनदा सांगितलं. सर्वज्ञ म्हणाले, जोर कमी पडत असेल. जोर लावणाऱ्यांत चिरंजीवांना सगळ्यात पुढे उभं केलं होतं. मुलगा म्हणून त्यांना नाही म्हणता येईना आणि गुन्हेगार म्हणून तर अजिबात येईना. दांडा न्यूट्रलला टाकून सगळ्यांनी रेटा दिला. गाडी सुरू झाली नाही, पण उतारावर निघाली मात्र झकास. ती थेट फाटकात जाऊन आडवी उभी राहिली आणि तिच्यापुढे सेक्रेटरींची नवी गाडी आत येण्यासाठी वाट बघत होती. नंतर ती चढावर परत ढकलताना सर्वज्ञांना अचानक फोन आला, बाकीच्यांना गुडघे आठवले, आणि चिरंजीव व दोन वॉचमन एवढेच मागे उरले.

इमारतीचे सेक्रेटरी नियमांनी वागणारे होते. न चालणारं वाहन पार्किंगमध्ये ठेवायला कमिटीची परवानगी लागते, असं त्यांनी सांगितलं. परवानगीसाठी अर्ज हवा, अर्जासोबत गाडी दुरुस्तीला दिल्याचा गॅरेजचा दाखला हवा. गॅरेज गाडी न बघता दाखला देईना, आणि बंद गाडी फाटकाबाहेर काढायला पुन्हा कमिटीचीच परवानगी हवी. चिरंजीव या चक्रात दोन फेऱ्या मारून आले. मग सेक्रेटरींनीच दया येऊन मुदत दिली की येत्या रविवारी कमिटीसमोर गाडी सुरू करून दाखवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलवा. अप्पा म्हणाले, रविवार म्हणजे भरपूर वेळ झाला.

दरम्यान चिरंजीव रोज जेवताना उद्याचा बेत ऐकत होते आणि रोज अंघोळीच्या वेळात फॉल्ट एक घर पुढे सरकवत होते. गिअरच्या स्विचवरून रिलेच्या पायावर. एकदा नेलपॉलिश ओलं राहिलं आणि अप्पांनी किल्ली फिरवल्याबरोबर स्टार्टर अर्धी गिरकी घेऊन गप्प झाला. ती अर्धी गिरकी ऐकून चिरंजीवांची पाचावर धारण बसली. अप्पांना मात्र आकाश ठेंगणं झालं. हा अधूनमधून येणारा फॉल्ट आहे, याच्यासारखा बेरकी दुसरा नाही, असा एक त्यांना नोकरीत भेटला होता, असं म्हणून ती सगळी हकीकत त्यांनी रंगवून सांगितली. पावसात उघडं पडलेलं चेंबर, तीन रस्ते खणलेले, आणि शेवटी एका दवाखान्याचा फोन वाजला तो क्षण. चिरंजीवांनी ती हकीकत आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. हा माणूस एवढं बोलतो, एवढं छान सांगतो, आणि आपण इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून मुकाट जेवलो, याचं त्यांना वाईट वाटलं. इतकं वाईट वाटूनही दुसऱ्या दिवशी ते बाटली घेऊन खाली गेलेच.

सूनबाईंना बाटली सापडली ती चिरंजीवांच्या पँटच्या खिशात, ग्रीसच्या डागाशेजारी. नवऱ्याच्या खिशात नेलपॉलिश सापडल्यावर बायकोला जे सुचेल ते त्यांना आधी सुचलं. खरं कारण कळल्यावर त्या हसल्या आणि मग त्यांना रडू आलं. अजून वेळ गेलेली नाही, आज सांगा, असं त्या म्हणाल्या. चिरंजीव म्हणाले, आता कसं सांगू, किती खुश आहेत बघतेस ना. ते खरंच होतं, आणि म्हणूनच सांगणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं होतं.

शनिवारी जेवताना अप्पांनी सांगितलं की आता एकच जागा उरली, स्टार्टरच्या टोकाची बारीक वायर. फॉल्ट तिथेच आहे. त्याला पळायला पुढे जागा नाही. हे सांगताना त्यांनी चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारली, इतक्या वर्षांत मारली नव्हती तशी. चिरंजीवांनी त्याच सकाळी त्या वायरीच्या टोकाला नेलपॉलिश लावलं होतं. पुढे रस्ता नाही हे त्यांच्याही ध्यानात आलं, आणि त्यांनी मनाशी ठरवलं की जाऊ दे, सापडू दे त्यांना. सगळ्यांसमोर गाडी सुरू होऊ दे, त्यांचा मान राहू दे, किल्लीचं पुढे बघू. इतक्या दिवसांत चिरंजीवांनी घेतलेला हा एकच बरा निर्णय, आणि तो घेतानासुद्धा त्यांना काही करावं लागणार नव्हतं.

रविवारी पार्किंगमध्ये सगळी कमिटी, सर्वज्ञ आणि फिरायला उतरलेली मंडळी जमली. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाह्या सरसावून ते वाकले आणि त्यांनी ती वायर स्टार्टरवरून ओढून काढली. टोक चष्म्याजवळ धरलं. मग नखाने खरवडलं. काचेसारखा एक पातळ पापुद्रा निघून त्यांच्या नखावर आला. अप्पांनी तो नाकाशी नेला. कुणाला काही कळलं नाही. दोन पावलांवर उभ्या असलेल्या चिरंजीवांना कळलं.

अप्पांची नजर खडूच्या नकाशावर गेली, एकेका बरोबरच्या खुणेवरून परत बॅटरीपर्यंत. चिरंजीवांकडे त्यांनी बघितलंच नाही. मग टोकाचं न खरवडलेलं अंग आत जाईल अशी बेताने फिरवून त्यांनी वायर होती तशी बसवली, उभे राहिले, जाऊन किल्ली फिरवली. गाडी गप्प होती.

"नाही सापडला," अप्पा सेक्रेटरींना म्हणाले. "वायरिंग जुनं झालंय. माझ्याच्याने नाही होत आता हे काम. भंगारवाल्याला बोलवा."

सर्वज्ञ म्हणाले, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, या वयात कशाला हे. सेक्रेटरींनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वयापुढे कुणाचं चालत नाही असं काहीतरी बोलले. दोघातिघांनी मान डोलावली. अप्पा सगळ्यांचं ऐकून घेत, हत्यारं एकेक करून पिशवीत ठेवत होते. हे माझे वडील आहेत, फॉल्ट त्यांना सापडलाय, आता त्यांच्या नखावर आहे, एवढंच बोलायचं होतं. चिरंजीवांनी तोंडही उघडलं. पण बोलायचं तर पुढचंही बोलावं लागणार होतं, आणि समोर कमिटी होती. त्यांनी तोंड पुन्हा मिटलं. त्यानंतर कित्येकदा, कचेरीत, रस्त्यात, जेवताना, त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पूर्ण केलं आहे.

जिन्यात अप्पांनी किल्ली त्यांच्या हातात दिली. दम लागला होता म्हणून मधल्या पायरीवर थांबले.

"नुसतं म्हणाला असतास ना, तरी दिली असती रे," ते म्हणाले. "खांबाच्या दिवसापासून मीच घाबरलो होतो. कुणी विचारेल म्हणून वाट बघत होतो."

अप्पांनी चिरंजीवांच्या हातावर थोपटलं, जसं काही चूक अप्पांचीच झाली होती, आणि ते पुढच्या पायऱ्या चढू लागले.

गाडी गेली. ताईने फोन करून शाबासकी दिली, कुणालाही न दुखवता काम केलंस म्हणाली. चिरंजीवांनी ती निमूट ऐकून घेतली. जेवणाच्या टेबलावर पुन्हा भांड्यांचा आवाज तेवढा उरला. चिरंजीव कधी टेलिफोनचा विषय काढायचे, चेंबरचं विचारायचे. अप्पा हो म्हणायचे, नको म्हणायचे, भाजी ठेव तिथे म्हणायचे.

मग एका दुपारी घरातला टेबलफॅन बंद पडला. आपण होऊन पडला, कुणी हात लावला नव्हता. चिरंजीवांना इतका आनंद झाला की सूनबाईंना आधी कळेचना. फॅन दोन्ही हातांनी उचलून, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ते अप्पांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, अप्पा, हा बघा ना, फॉल्ट कुठे आहे सापडत नाही.

अप्पांनी पुस्तक बाजूला ठेवलं. फॅनकडे बघितलं, मग चिरंजीवांकडे. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. किती वाजले असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"हा खरंच बिघडलाय का रे?"

चिरंजीव म्हणाले, खरंच. खरं असूनही त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.